ठासणीच्या बंदुकीचं बूड उघडावं का?

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांच्या वेळची, टोपीवर (ठिणगी देणाऱ्या छोट्या स्फोटक कॅपवर) उडणारी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू भरायची, बंदूक आहे. परवाना आहे. खंडेनवमीला पूजा होते, एरवी ती भिंतीवर असते. आता नळीच्या बुडाशी लाल गंज दिसतो आणि निपलमधून (टोपी बसते त्या पोकळ बोंडातून) तारही जात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बुडाचा पेच (नळीचं मागचं टोक बंद करणारा) काढून नवा बसवून घ्यावा का?
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : लेथवर अजिबात नेऊ नका. आधी नळी रिकामी आहे का ते पाहा. तोंड कुणाकडेही न रोखता लाकडी गज आत अलगद सोडा, तोंडापाशी खूण करा आणि तोच गज नळीला बाहेरून लावा. टोक निपलच्या जागेपर्यंत पोचलं पाहिजे. दोन बोटं जरी कमी पडलं, तरी बार भरलेला आहे असंच धरा. काही नळ्यांच्या बुडाशी निमुळती कोठी असते, तिथे गज आधीच अडतो. पण शंकेला जागा असेल तर भरलेलीच समजा. कोरडी काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते. अशा वेळी खरवडू नका, तापवू नका, ड्रिल तर नकोच. पोलीस ठाण्यात कळवून परवानाधारक बंदूक-कारागिराकडे सोपवा.

रिकामी असेल तर गंजाचं कारण समजून घ्या. काळ्या दारूत साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन राखेच्या रूपात मागे राहतं. ही राख हवेतलं पाणी ओढते, आणि गगनबावड्याच्या पावसाळ्यात पाण्याला तोटा नाही. जुन्या टोप्यांतला क्षारही तसाच. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून नुसतं तेल चोपडलं की गंज तेलाखाली चालूच राहतो.

नळी लाकडी दस्त्यापासून सुटत असेल तरच पाणी वापरा. लाकडाला थेंबही लागू नये. निपलच्या आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा, मग बरोबर मापाच्या किल्लीनेच फिरवा. पकडीने कडा झिजतात. निपल निघाली की बूड बादलीतल्या कडकडीत गरम पाण्यात, दोन थेंब भांडी घासायचा साबण टाकून, बुडवा आणि गजाला सुती चिंधी बांधून पंपासारखी वरखाली करा. पाणी निपलच्या भोकातून आतबाहेर होतं आणि नेमकी बुडाची राख धुऊन निघते. ब्रश पितळी घ्या, पोलादी नको. स्वच्छ कडकडीत पाण्याने पुन्हा धुवा. तापलेली नळी लवकर वाळते, पण तितकाच लवकर गंजही धरते, म्हणून कोरडी चिंधी फिरवून लगेच पातळ मशीन तेल लावा. खोबरेल नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. दुसऱ्या दिवशी चिंधी तांबूस आली तर सगळं पुन्हा.

बुडाचा पेच मात्र तसाच राहू द्या. तो आतल्या खांद्याला घट्ट टेकलेला असतो. नवा पेच केसभर जरी मागे राहिला तरी त्या फटीत राख साचते आणि आटे कुजतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जुनं लोखंड ठिसूळ होऊ शकतं. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायला किंवा बदलायला वेगळा परवाना लागतो. तो साध्या लेथवाल्याकडे नसतो.

पूजेनंतर हळद-कुंकू आणि ओली फुलं त्याच दिवशी पुसून काढा, विशेषतः निपलभोवतालची.