ख्रिस्ताचे शरीर आणि आपण : वाचकांचे प्रश्न

धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि मिस्सेनंतर (कॅथलिक उपासनेनंतर) चर्चच्या आवारात पुन्हा पुन्हा हेच विचारले जाते, म्हणून उत्तरे इथे देतो.

‘ख्रिस्तसभा (चर्च, म्हणजे सगळे श्रद्धावंत) हे ख्रिस्ताचे शरीर’ ही नुसती उपमाच ना? (वाशी)

नाही. ख्रिस्ती लोकांना धरायला दमास्कसला निघालेल्या शौलाला येशूने विचारले, ‘माझा छळ का करतोस?’ माझ्या माणसांचा, असे तो म्हणाला नाही. हाच शौल पुढे संत पौल झाला आणि त्याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना समजावले की ते ख्रिस्ताचे शरीर आणि त्याचे अवयव आहेत. पोप पायस बारावे यांनी १९४३ च्या परिपत्रकात दोन्ही टोके खोडली : हे एखाद्या सोसायटीचे सभासदत्व नव्हे, आणि आपण ख्रिस्तात विरघळूनही जात नाही.

ठाण्याहून ऐरोलीला आलो. नव्या पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) नाव घातलेले नाही. आम्ही बाहेर पडलो का?

नाही. बाप्तिस्म्याचा ठसा पुसला जात नाही. पण नाव घाला.

ठरावीक रक्कम पाठवली की पूर्वज शुद्धिस्थानातून (मृत्यूनंतर आत्मा स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होतो त्या अवस्थेतून) सुटतात, असा व्हॉट्सॲप मेसेज आला आहे. पाठवू का? (कळवा)

एक पैसाही पाठवू नका. ख्रिस्तातले नाते मरणाने तुटत नाही, म्हणून आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. १३२१ साली ठाण्यात मारले गेलेले चार हुतात्मे आणि तुमची आजी एकाच शरीराचे अवयव आहेत. कृपेचा दर लावणे पाप आहे. असे दान गोळा करत फिरणाऱ्यांचे पद कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५६२ मध्येच रद्द केले. मिस्सेसाठीचे ऐच्छिक दान पॅरिशमध्ये द्या आणि तो मेसेज फादरना दाखवा.

सासूबाईंची बायपास आहे. फादरना बोलावले तर त्या घाबरतील, असे घरचे म्हणतात. थांबावे का? (घोडबंदर रोड)

अजिबात थांबू नका. ‘फादर आले की माणूस जातो’ या ऐकीव गोष्टीने आजाऱ्यांचे फार नुकसान केले आहे. तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये स्पष्ट सांगितले. आजाराने किंवा म्हातारपणाने धोका सुरू झाला की वेळ आलीच. गंभीर आजारासाठी ऑपरेशन असेल तर त्याआधी तो घेता येतो, आजार बळावला तर पुन्हाही. फादर डोक्यावर हात ठेवतात, कपाळाला आणि हातांना तेल लावतात, आणि आजारी माणूस स्वतः ‘आमेन’ म्हणतो. लोक मात्र आयसीयूपर्यंत थांबतात. मग तोंडात नळी. कन्फेशनही (पापांची कबुली) नाही, ख्रिस्तप्रसादही (मिस्सेतली पवित्र भाकर) नाही. बेशुद्ध माणसालाही अभ्यंग देता येतो, मृत्यूनंतर देता येत नाही.

एक अवयव दुखला की सगळे दुखतात, असे पौल लिहितो. अठराव्या मजल्यावर पडून असलेल्या बाईचे दुखणे पॅरिशला कळलेच नाही, तर आपण कसले एक शरीर? आजच पॅरिश ऑफिसला फोन करा, ॲडमिट व्हायची तारीख सांगा. डॉक्टरांनी उपाशी राहायला सांगितले असेल, तर ख्रिस्तप्रसादाचे त्यांना आधी विचारा.

होणारा जावई प्रॉटेस्टंट आहे. तो ख्रिस्तप्रसाद घेऊ शकतो का? (नेरूळ)

बाप्तिस्मा वैध असेल तर तो ख्रिस्तात आपला भाऊ आहे. ख्रिस्तप्रसाद मात्र सहसा नाही. अपवाद तुम्ही-आम्ही ठरवायचे नसतात. लग्नाची तारीख धरण्याआधी दोघांनी फादरना भेटावे.