डिस्प्ले डिव्हाइसच्या मायग्रेशन कोडचा रिव्ह्यू करताना नेमकं काय बघायचं?

मायग्रेशन म्हणजे चालू आभासी मशीन (गेस्ट) एका होस्टवरून दुसऱ्यावर नेणं. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हर्ट-आयओ-जीपीयू हे आभासी ग्राफिक्स कार्ड आहे. त्याच्या स्कॅनआउट स्ट्रक्चरमध्ये (कोणत्या आउटपुटवर काय दाखवायचं याची नोंद) कुणीतरी नवी फील्ड घातली, त्याच स्ट्रक्चरचा व्हर्जन आयडी १ चा २ केला. सीनियर म्हणतात, "व्हर्जन वाढवलंय, मायग्रेशननंतर स्क्रीनही दिसतेय, पास करून टाक." तर पास करायचं का?

नका करू. "व्हर्जन वाढवलंय ना" आणि "डिस्प्लेच तर आहे" या दोन वाक्यांवरून मी वर्षानुवर्षं भांडत आलोय. दोन्ही चुकीची आहेत, आणि का चुकीची ते नीट सांगतो.

मायग्रेशनच्या स्ट्रीममध्ये, म्हणजे पाठवल्या जाणाऱ्या बाइटच्या ओघात, साध्या फील्डला ना नाव असतं, ना लांबी. पाठवणारा ज्या क्रमाने बाइट सोडतो त्याच क्रमाने घेणाऱ्याने ते उचलायचे. व्हर्जन नंबर दोनच ठिकाणी जातो: सेक्शनच्या (एका डिव्हाइसच्या स्टेटच्या) हेडरमध्ये आणि प्रत्येक सबसेक्शनच्या (त्याला जोडलेल्या ऐच्छिक भागाच्या) सुरुवातीला. आत बसवलेल्या स्ट्रक्चरचा व्हर्जन नंबर स्ट्रीममध्ये जातच नाही. लोड करणारा कोड त्या आतल्या स्ट्रक्चरसाठी स्वतःच्या बायनरीत जो आकडा लिहिलाय तोच खरा मानतो. म्हणजे तुमच्या पॅचमधला १ चा २ समोरच्याला कधी कळणारच नाही.

हे कागदी भय नाही. क्यूईएमयू ९.० मध्ये, २०२४ साली, याच डिव्हाइसच्या याच स्ट्रक्चरमध्ये हेच झालं. मूळ दुरुस्ती अगदी योग्य कारणासाठी होती. ब्लॉब रिसोर्सचं (ज्याचे पिक्सेल गेस्टच्याच रॅममध्ये असतात) मायग्रेशन आधी आलं होतं, पण ब्लॉब रिसोर्स स्कॅनआउटला जोडलेला असू शकतो हे त्यात धरलं नव्हतं. अशा रिसोर्सला पिक्समॅन या लायब्ररीची इमेज नसते, आणि पोस्ट-लोडमध्ये (लोड झाल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ती गृहीत धरल्याने क्रॅश व्हायचा. त्यावर उपाय म्हणून फ्रेमबफरची सहा फील्ड स्कॅनआउटच्या स्ट्रक्चरमध्ये घातली: फॉरमॅट, प्रति पिक्सेल बाइट, रुंदी, उंची, स्ट्राइड आणि ऑफसेट. व्हर्जन २ केलं.

आता बाइट मोजा. जुन्या स्कॅनआउटमध्ये दहा फील्ड होती: रिसोर्स आयडी, रुंदी, उंची, एक्स, वाय, आणि कर्सरची पाच. प्रत्येकी ४ बाइट, एकूण ४०. नव्यात सोळा फील्ड, ६४ बाइट. ९.० वरून ८.२ कडे गेस्ट पाठवला तर ८.२ वाला ४० बाइट वाचून थांबतो आणि उरलेले २४ बाइट त्याला पुढचा मजकूर वाटतात. उलट दिशेने ९.० वाला न पाठवलेले २४ बाइट मागतो आणि पुढच्याचे खातो. दोन्हीकडे मशीन टाइप (गेस्टला दिसणाऱ्या हार्डवेअरची ठराविक आवृत्ती) ८.२ चाच दिला तरी फरक पडत नाही, कारण मशीन टाइपचा त्या फील्डशी काही संबंध लावलेलाच नव्हता. एकच आउटपुट असेल तर सेक्शनचा फुटर (शेवटची खूण) जागेवर सापडत नाही आणि लोड तिथेच पडतं. ते बरं. आउटपुट दोन असतील तर दुसऱ्या स्कॅनआउटचा रिसोर्स आयडी म्हणून पहिल्याचा पिक्सेल फॉरमॅट वाचला जातो, आणि मग एरर मेसेज बघून कारण शोधणाऱ्याचा दिवस जातो.

दुरुस्ती काय झाली तेच तुमच्या पॅचमध्ये मागा. डिव्हाइसला 'एक्स-स्कॅनआउट-व्हीएमस्टेट-व्हर्जन' अशी प्रॉपर्टी दिली, डिफॉल्ट २. मशीन टाइपच्या ८.२ च्या कंपॅट (जुन्याशी सुसंगत ठेवणाऱ्या) यादीत ती १ केली. आणि सहाही फील्ड टेस्ट-वाल्या मॅक्रोने लिहिली, म्हणजे प्रॉपर्टी २ किंवा जास्त असेल तरच ती जातात-येतात. निर्णय मशीन टाइपवर आला, आणि तो दोन्ही टोकांना सारखाच असतो.

टेस्ट फंक्शनमध्ये एक खड्डा आहे. त्याला मिळणारा पॉइंटर आतल्या स्ट्रक्चरचा असतो, डिव्हाइसचा नाही. तिथून कंटेनर-ऑफने (आतल्या सदस्याच्या पत्त्यावरून बाहेरच्या स्ट्रक्चरचा पत्ता काढणारा मॅक्रो) मूळ डिव्हाइस काढलं आणि स्कॅनआउट ही ॲरे असेल, तर हिशोब फक्त शून्याव्या घटकासाठी बरोबर येतो. पुढच्या घटकांना मेमरीतली भलतीच जागा मिळते. एका आउटपुटच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

फील्ड ऐच्छिक असेल तर सबसेक्शन वापरा, पण वरच्या पातळीवर, सेक्शनच्या शेवटी. त्याचं नीडेड फंक्शन (ते पाठवायचं का हे ठरवणारं) "फीचर बायनरीत आहे का" हे नाही, तर "या डिव्हाइसवर ते चालू आहे का" हे विचारणारं हवं. ब्लॉबचं सबसेक्शन असंच आहे: ब्लॉब चालू असेल तरच जातं. अनोळखी सबसेक्शन दिसलं की जुना क्यूईएमयू लोड नाकारतो, म्हणून नीडेड कायम 'हो' म्हणत असेल तर जुन्याकडे जायची वाट तुम्ही बंद केलीत.

आता "डिस्प्लेच तर आहे, रिफ्रेश झाला की येईल". नाही येत. गेस्टच्या ड्रायव्हरच्या हिशोबी त्याने रिसोर्स ३ तयार केलाय, त्याला मेमरी जोडलीय आणि तो स्कॅनआउटला लावलाय. मायग्रेशन झालं हे त्याला माहीतच नसतं, त्यामुळे तो यातलं काहीही पुन्हा पाठवत नाही. होस्टकडे रिसोर्स ३ नसेल तर पुढच्या प्रत्येक फ्लशला (स्क्रीनवर दाखवायच्या आज्ञेला) चुकीच्या रिसोर्स आयडीची एरर जाते, आणि रिझोल्यूशन बदलेपर्यंत किंवा रीबूट होईपर्यंत स्क्रीन तशीच राहते. साध्या व्हीजीएलाही हेच लागू. पॅलेटचे ७६८ बाइट हरवले तर २५६ रंगांच्या मोडमधला गेस्ट चुकीच्या रंगात चालत राहील. तिथे उलट शिस्तही बघून घ्या: जे रजिस्टरवरून पुन्हा काढता येतं ते पाठवत नाहीत. व्हीजीएच्या पोस्ट-लोडमध्ये ग्राफिक मोड -१ करतात, म्हणजे पुढच्या अपडेटला सगळं नव्याने रंगवलं जातं. पॉइंटर तर कधीच पाठवायचा नाही. क्यूएक्सएल (आणखी एक आभासी डिस्प्ले डिव्हाइस) शेवटच्या रिलीजचा (मोकळ्या केलेल्या रिसोर्सचा) पॉइंटर प्री-सेव्हमध्ये (पाठवण्याआधी) रॅमच्या सुरुवातीपासूनच्या ऑफसेटमध्ये बदलतो, आणि लोडनंतर तो ऑफसेट व्हीरॅममध्ये बसतो का ते तपासून मगच पुढे जातो.

ही तपासणी वगळलेली दिसली तर पॅच परत पाठवा, चर्चा नको. येणारी स्ट्रीम गेस्टच्या इनपुटइतकीच अविश्वासू मानायची. एसएसडी०३२३ हा छोटासा ओएलईडी कंट्रोलर. त्याच्या लोड कोडमध्ये कमांडची लांबी स्ट्रीममधून घेऊन न तपासता ठेवली जायची आणि नंतर ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरली जायची. ओळ आणि स्तंभ हेही फ्रेमबफरमधले इंडेक्सच. नतीजा म्हणजे सीव्हीई-२०१३-४५३८ ही नोंदलेली सुरक्षा-त्रुटी. तेव्हा प्रत्येक फील्डसाठी विचारा: हा आकडा पुढे इंडेक्स, लांबी किंवा गुणाकारात जातो का? व्हर्ट-आयओ-जीपीयूत फॉरमॅट ओळखीचा आहे का, तोच रिसोर्स आयडी दोनदा आलाय का, स्कॅनआउट ज्या रिसोर्सकडे बोट दाखवतो तो आहे का, हे सगळं बघावं लागतं. गेस्टची मेमरी मॅप करताना मागितल्यापेक्षा कमी लांबी मिळू शकते, तीही तपासायची. पाचवा तुकडा मॅप झाला नाही तर आधीचे चार सोडून, रिसोर्स मोकळा करून मगच एरर परतवायची. परतीची ही वाट रिव्ह्यूत कुणी वाचत नाही. तुम्ही वाचा.

वेळेचाही हिशोब करा. २डी रिसोर्सचे पिक्सेल डिव्हाइस स्टेटमध्ये, म्हणजे गेस्ट थांबलेला असताना जातात. ३८४० बाय २१६० च्या एका बफरचे सुमारे ३३ एमबी होतात. १ गिगाबिटच्या लिंकवर तेवढ्यालाच पाव सेकंदापेक्षा जास्त लागतो, आणि डाउनटाइमची डिफॉल्ट मर्यादा ३०० मिलिसेकंद आहे. असे बफर दोन असले की मर्यादा ओलांडलीच. ब्लॉबचे पिक्सेल गेस्टच्या रॅमबरोबर आधीच गेलेले असतात, त्यांचे फक्त पत्ते जातात.

चाचणी: जुनी आणि नवी बायनरी, मशीन टाइप जुना, दोन्ही दिशांना, आणि एकदा जाऊन परत. गेस्ट ग्रब या बूटलोडरच्या टेक्स्ट मोडमध्ये असताना, डेस्कटॉपवर कर्सर दिसत असताना, दोन आउटपुट जोडलेले असताना आणि डिव्हाइस रीसेट झाल्यावर लगेच, असं प्रत्येक अवस्थेत. आधी आणि नंतर स्क्रीनडम्प घेऊन फाइली जुळवा, डोळ्यांवर विसंबू नका. व्हीएमस्टेट (पाठवायच्या फील्डची यादी) डम्प करून दोन आवृत्त्यांच्या याद्या जुळवणारा स्टॅटिक चेकर चालवणं चांगलंच, पण इथे तो आंधळा आहे. व्हर्ट-आयओ-जीपीयूचे रिसोर्स आणि स्कॅनआउट हाताने लिहिलेल्या सेव्ह-लोड फंक्शनमधून जातात. डम्पमध्ये त्याचं एकच फील्ड दिसतं, आतलं काही नाही. चेकर हिरवा आहे हा तुमच्या पॅचच्या बाजूचा पुरावा होत नाही.

काही अपवाद. डिव्हाइस अजून कुठल्याच रिलीजमध्ये गेलं नसेल तर फील्ड खुशाल बदला. व्हर्जल (३डी ग्राफिक्सची सोय) चालू असेल तर मायग्रेशनला ब्लॉकरच आहे, तिथे हा प्रश्न येत नाही. नव्याकडून जुन्याकडे जाणं तुमच्या कंपनीत कधीच होत नसेल तर अर्धी अडचण कमी होते, पण अर्धीच: वर सांगितलेलं २४ बाइटचं गणित जुन्याकडून नव्याकडे येतानाही तसंच बिघडतं. आणि अपग्रेड फसल्यावर गेस्ट जुन्या होस्टवर परत न्यायची वेळ येणारच नाही, असं तुमचे सीनियर लेखी देतील का, तेही विचारून बघा.

पॅचवर एवढंच लिहा: आतल्या स्ट्रक्चरचं व्हर्जन स्ट्रीममध्ये जात नाही, कंपॅट प्रॉपर्टी आणि टेस्ट मॅक्रो वापरून पुन्हा पाठवा, आणि जुन्या मशीन टाइपवर दोन आउटपुटसह दोन्ही दिशांच्या चाचणीचा निकाल कमिट मेसेजमध्ये जोडा.