घरातल्या नेटवर्कवर फाईल रखडते तेव्हा

प्रश्न : आमच्याकडे ३०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. तरीही दिवाणखान्यातल्या डेस्कटॉपवरून आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर लग्नाचे व्हिडिओ पाठवताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या पुढे जात नाही. दोन्ही यंत्रे वायरनेच राउटरला जोडलेली आहेत. मोठा प्लॅन घ्यावा का?

उत्तर : मुळीच घेऊ नये. घरातल्या घरात पाठवलेली फाईल राउटरमधल्या स्विचपर्यंत जाते आणि तिथूनच दुसऱ्या यंत्राकडे वळते. ती इंटरनेटवर जातच नाही, त्यामुळे रस्त्यावरच्या खोदकामात फायबर तुटला तरी हे काम त्याच वेगाने चालू राहील.

तुम्ही दिलेला ११ हा आकडा मात्र फार बोलका आहे. नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कॉपीची खिडकी तो मेगाबाइटमध्ये दाखवते. एक बाइट म्हणजे आठ बिट, म्हणून १०० मेगाबिटला आठने भागले की साडेबारा येतात, आणि त्यातून नेटवर्कचा स्वतःचा खर्च वजा केला की अकरा-बारा उरतात. याचा अर्थ वाटेतली एखादी जोडणी गिगाबिटऐवजी (म्हणजे १००० मेगाबिटऐवजी) १०० मेगाबिटवर चालली आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या पानावर ‘लिंक स्पीड’ लिहिलेला असतो. तो दोन्ही यंत्रांवर पाहावा. दोन्हीकडे १०० दिसत असेल, तर राउटरचे पोर्टच त्या क्षमतेचे असण्याची शक्यता अधिक. स्वस्तातल्या अनेक राउटरवर, खोक्यावर वायफायचे मोठमोठे आकडे छापलेले असले तरी, पोर्ट १०० चेच असतात. एकाच यंत्रावर १०० असेल, तर मी आधी त्याच्या केबलवर संशय घेईन.

केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली, तरी जोडणी बंद पडत नाही. ती कोणतीही सूचना न देता खालच्या वेगावर उतरते आणि दिवा तसाच लुकलुकत राहतो. प्लग पारदर्शक असतो, तो उजेडात धरून आठही तारा पुढच्या टोकापर्यंत पोहोचल्या आहेत का ते पाहावे, आणि केबल दाराच्या फटीत चेपली गेली आहे का तेही तपासावे. शंका आली तर कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची तयार केबल लावून बघावी. गिगाबिट जोडणी ठीक असेल तर वेग ११० एमबीच्या आसपास जातो. मात्र एका टोकाला जुनी हार्ड डिस्क असेल, तर ती त्याआधीच दमते.

प्रश्न : वायफायवर मोठा व्हिडिओ बऱ्यापैकी वेगाने जातो, पण हजारो फोटोंचा फोल्डर पाठवला की तासन् तास लागतात. असे का?

उत्तर : प्रत्येक फाईलसाठी ती उघडणे, तिची माहिती लिहिणे, ती बंद करणे अशी विचारणा-उत्तरांची फेरी होते, आणि वायफायवर अशा प्रत्येक फेरीला काही मिलिसेकंद जातात, मोठे बिल चिल्लरने चुकते करण्याचाच हा प्रकार. फोटोंची एकच झिप फाईल करून पाठवावी. फोटो मुळातच दाबलेले असल्याने झिप करताना आकार कमी करण्याचा पर्याय बंद ठेवला तरी चालतो.

शिवाय दोन्ही लॅपटॉप वायफायवर असतील, तर प्रत्येक तुकडा आधी राउटरकडे आणि मग राउटरकडून असा हवेतून दोनदा प्रवास करतो, आणि एकाच चॅनेलवर असल्यास उपलब्ध वेग जवळजवळ निम्मा होतो. दोहोंपैकी एक यंत्र, निदान कॉपी करण्यापुरते, वायरने जोडावे.

प्रश्न : विंडोज ११ चे २४एच२ अपडेट आल्यापासून जुन्या नेटवर्क ड्राइव्हवरचे फोल्डर उघडत नाहीत. पूर्वी पासवर्डशिवाय उघडायचे.

उत्तर : कारण नेमके तेच आहे. या आवृत्तीच्या प्रो प्रकारात, पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून आत जाण्याची सोय बंद केलेली आहे आणि एसएमबीच्या, म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने नेटवर्कवर फाईल शेअर करते तिच्या, प्रत्येक निरोपावर डिजिटल सही असणे सक्तीचे आहे. पाहुण्याच्या जोडणीत अशी सही करताच येत नाही. ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये नाव आणि पासवर्ड असलेला वापरकर्ता तयार करावा आणि ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत करावे.

ड्राइव्हला एसएमबीची पहिली आवृत्तीच कळत असेल, तर ती विंडोजमध्ये पुन्हा सुरू करण्याचा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नये. मे २०१७ मध्ये फाईल कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस याच आवृत्तीतल्या त्रुटीवर स्वार होऊन पसरला होता. त्यापेक्षा आतली डिस्क काढून एखाद्या संगणकाला जोडावी आणि तिथून शेअर करावी. मात्र तसे करताना विंडोजचा पिन पासवर्ड म्हणून चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. यावर अडून बसलेले लोक मला सर्वांत जास्त भेटतात.

प्रश्न : दुसरा संगणक ‘नेटवर्क’मध्ये कधी दिसतो, कधी गायब होतो.

उत्तर : यादीत दिसणे आणि पोहोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, लिहावा. फोल्डर उघडला, तर दोष फक्त यादीचा. राउटरमध्ये त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवावा आणि शॉर्टकट करून यादीचा नाद सोडावा. नाहीच उघडला, तर तो संगणक झोपी गेलेला नाही ना आणि त्याचे नेटवर्क ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ आहे ना, हे पाहावे.

फायबर कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर जोडलेल्या घरांत आणखी एक घोळ असतो. एका यंत्राचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. अशा वेळी तुमच्या राउटरवरून कंपनीच्या डब्यावरचे यंत्र पत्त्याने सापडते, पण तिकडून इकडचे सापडत नाही, आणि लॅपटॉपने मधेच वायफाय बदलले की तो ‘गायब’ होतो. तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाकावा, म्हणजे तो वेगळे नेटवर्क न करता कंपनीच्या डब्याचेच नेटवर्क पुढे नेतो, आणि सर्व यंत्रे एकदा बंद करून सुरू करावीत.