बागेश्रीचा पंचम आणि पीएचडीची धास्ती

“सर, पीएचडीला लागले तर गाणं सुटेल काय वो?” खानापूर, निपाणी, शहापूर, कुठूनही गाणारी मंडळी आली की हाच प्रश्न. त्यांतल्याच एकीची ही हकीकत, ओळख पटणार नाही इतकी बदलून.

एम.ए. झालेलं, संध्याकाळी शिकवण्या, पहाटे रियाज. धारवाडला जावं की कोल्हापूरला, हेही ठरत नव्हतं. विषय मात्र ठरलेला : ‘कुमार गंधर्वांचे योगदान’. कुमारजी बेळगावजवळच्या सुळेभावीचे, म्हणून आमच्याकडे हा विषय फार निघतो. ‘योगदान’ म्हटलं की निम्मा प्रबंध चरित्रात जातो आणि गाणाऱ्याचा गळा कुठेच कामाला येत नाही. मग रियाज सुटणारच!

“रियाजात सध्या काय अडतंय?” मी विचारलं.

“बागेश्री राग. पुस्तकात पंचम, म्हणजे ‘प’, अल्प, तोही अवरोहात, स्वर उतरताना. आमचे बुवा विलंबितात, संथ लयीत तो घेतच नाहीत, द्रुत बंदिशीत मात्र ‘म प ध ग’ सरळ घेतात.”

“मग हाच विषय घ्या की.”

ती गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाली, “बुवांचं चुकलंय म्हणून लिहू काय वो मी?”

गाठ इथं होती. वेळ, पैसा, गळा ही सगळी वरवरची कारणं. नोंद केली म्हणजे गुरूवर निकाल दिला, हा एक विचार तिला मागे खेचत होता. भावनेशी झटापट करण्यापेक्षा तिच्यामागचा विचार तपासावा, या मताचा मी आहे. इथं ते पुन्हा पटलं. “बुवा काय करतात हे लिहायचंय,” मी म्हटलं, “बरोबर की चूक हे कोण विचारतंय?” पुढच्या खेपेला ती बुवांची लेखी संमती घेऊनच आली.

मग कामाची आखणी. विलंबित एकतालाच्या तीन बंदिशी, द्रुत तीनतालाच्या तीन. ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये, गळ्याला वेगळा माइक. तानपुरा त्याच माइकवर आला की संगणकानं काढलेला स्वरांचा आलेख बिघडतो. प्रत्येक पंचमासाठी चार नोंदी : कितवं आवर्तन, कितवी मात्रा, आधीचा स्वर, नंतरचा स्वर. भातखंडे लिपीत कोमल ग-नी खालच्या रेघेनं दिसतात, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कुठं सुटली ते पुरेसं दिसत नाही. म्हणून शेजारी सेकंद लिहायचे. स्वरलेखन त्याच दिवशी करायचं. उशीर झाला की कान पुस्तकातला बागेश्री लिहायला लागतो.

नवी बंदिश बांधून प्रबंध करणाऱ्यांनी कच्चे खर्डेही तारीख घालून ठेवावेत. मुखडा का बदलला, हे वर्षभरानं आठवत नाही.

नियमांचंही तसंच, आधी विचारलेलं बरं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत पीएचडीला किमान 3 वर्षं, कमाल 6, स्त्रियांना आणखी 2 वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. नुसतं ‘अलंकार’, म्हणजे संगीताची परीक्षा, झालेलं असेल तर ते एम.ए.ला समकक्ष धरतात का, आणि प्रबंध मराठीत चालेल का, ही दोन उत्तरं त्या विद्यापीठाकडून लेखी घ्यावीत. सीमाभागातल्यांनी दुसरं तर अर्जाआधीच.

तिचा आराखडा आता तयार आहे. पहाटेचा रियाज म्हणजेच तिचं संशोधनाचं काम. दुपारी दोन तास फक्त नोंदी. शिकवण्या तीन दिवसांवर आणल्यात, त्याबद्दल घरी अजून कुरकुर चालू आहे.