पहिल्यांदा टायर बदलताय? आधी एवढं बघा

गाडी झकास आहे, टायरही तसेच घ्या. पण ब्रँडच्या वादात आत्ताच पडू नका. आधी खाली वाकून जुन्या टायरची कड वाचा. समजा 225/45 आर17 94डब्ल्यू लिहिलंय: रुंदी 225 मिमी, कडेची उंची तिच्या 45 टक्के, रिम 17 इंची. 94 म्हणजे एका टायरला 670 किलो भार, डब्ल्यू म्हणजे ताशी 270 किमीपर्यंत वेग. स्वस्त पडतो म्हणून याखालचा घेऊ नका, नवशिके इथेच फसतात. पुढचा-मागचा साइझ वेगळाही असतो, दोन्ही बघा.

समर टायर गरम रस्त्याला मस्त धरतो, पण पारा 7 अंशांखाली गेला की रबर कडक होतं. थंडीत चालवणार असाल तर तो पुरणार नाही.

आणखी दोन चुका:
- दोनच नवे घेऊन पुढे लावणं. मी केलंय. ओल्या वळणावर मागची चाकं अशी सरकली की गाडी थांबवल्यावरही हात थरथरत होते. जमलं तर चारही एकदम घ्या, नाहीतर नवे दोन मागे.
- तारीख न बघणं. कडेवर 2324 असेल तर टायर 2024 च्या 23व्या आठवड्यातला.

बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किमी सांभाळून चालवा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), रेस ट्रॅकसाठीचं हवेचं प्रेशर वगैरे नंतर बोलू.