ध चा मा

911 वरची फोन घ्यायची नोकरी सोडू का, हे तू पत्राच्या चौथ्या ओळीत विचारलंस आणि पुढची दोन पानं त्याच्याभोवतीच घुटमळलास. सोडायची की नाही ते तुझं तू ठरव. मी लिहायला बसले ती तुझ्या शेवटच्या ओळीमुळे: सार्जंट म्हणतात, त्या फोनच्या नोंदीत एकच वाक्य घाल, फोन करणाऱ्या बहिणीला हिंसेची भीती वाटत होती.

ती असं म्हणाली होती का? नाही, हे तूच लिहिलंयस. भाऊ दोन दिवस फोन उचलत नाही, गेल्या आठवड्यात 'अपसेट' होता, कुणी जाऊन बघेल का, एवढंच ती म्हणाली. मग अडलंय कुठे? ऐकलंस तेवढंच लिहायचं.

'ध चा मा' तुला ठाऊक आहेच. 'नारायणरावास धरावे' यातलं एक अक्षर फिरलं आणि 1773 मध्ये शनिवारवाड्यात पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका असेल, ते इतिहासकार बघून घेतील. पण अमेरिकेत बावीस वर्षं 911 या तातडीच्या नंबरवरचे फोन घेताना ते अक्षर माझ्या डोळ्यांसमोरून हललं नाही. आपल्याकडे तर आनंदीबाईचीही गरज पडत नाही. फोन करणारं माणूस घाबरून दोन शब्द जास्त बोलतं, आपण घाईत कोड निवडतो, पोलिसांची गाडी पाठवणारा डिस्पॅचर तेच रेडिओवर तीन शब्दांत उरकतो. गाडीतल्या स्क्रीनवर जे उमटतं ते त्या माणसाने ऐकलं तर ओळखायचंही नाही.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचं प्रकरण घे. ऑक्टोबर 2019, रात्रीचे अडीच. शेजाऱ्याला समोरच्या घराचं दार उघडं दिसलं, दिवे चालू दिसले. त्याने काळजीपोटी फोन केला, तोही तातडीच्या नंबरवर नाही, साध्या नंबरवर. पोलिसांकडे त्याची नोंद झाली 'ओपन स्ट्रक्चर', म्हणजे उघडी वास्तू. काळजी गळाली, संशय उरला. अधिकारी दारावर टकटक न करता अंधारात घराला वळसा घालून मागे गेले. अटाटियाना जेफरसन, अठ्ठावीस वर्षांची, आठ वर्षांच्या भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत होती. बाहेर चाहूल लागली म्हणून खिडकीशी आली. 'मी पोलीस' एवढंही न सांगता एकाने खिडकीतून गोळी झाडली. 2022 मध्ये त्याला सदोष मनुष्यवधासाठी जवळजवळ बारा वर्षांची शिक्षा झाली. गोळी त्याची, गुन्हा त्याचा. पण त्या दोन शब्दांवर मी कितीतरी रात्री अडकून पडले आहे.

तू म्हणशील, निरोप अचूक पोचला तरी काय होतं? बरोबर आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हाइट प्लेन्समध्ये तो पोचलाच होता. नोव्हेंबर 2011. केनेथ चेंबरलेन, अडुसष्ट वर्षांचे, हृदयविकाराचे रुग्ण. पहाटे पाचला त्यांच्या गळ्यातल्या वैद्यकीय यंत्राचं बटण चुकून दाबलं गेलं. ते दाराआडून सांगत होते की मी ठीक आहे, तुमची गरज नाही. यंत्राच्या कंपनीनेही पोलिसांना कॉल रद्द करायला सांगितलं. पोलिसांनी दार बिजागरीतून उखडलं आणि शेवटी त्यांना गोळी घातली. ज्याची विचारपूस करायला आले, त्यालाच. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, ग्रँड ज्युरीने, कुणावर खटलाही भरू दिला नाही. इथे माझं तत्त्व तोकडं पडतं, कबूल. तरी त्या यंत्रातून घरातलं सगळं ध्वनिमुद्रित झालं होतं, म्हणून त्यांचे शब्द आज आपल्याला माहीत आहेत. नाहीतर अहवालात लिहिलेलंच उरलं असतं. ऐकलंस तेवढंच लिही, अरे!

आता माझं. नोकरीचं सहावं वर्ष. एका आईचा फोन, मुलगा खोलीतून बाहेर येत नाही म्हणून. घरात हत्यार आहे का, मी विचारलं. 'स्वयंपाकघरात सुऱ्या असतात तेवढ्याच,' ती म्हणाली. फॉर्मवर तीनच पर्याय होते: होय, नाही, माहीत नाही. मी 'होय' दाबलं. पोरगा दार उघडून बाहेर आला तो समोर रोखलेल्या बंदुका. त्याला ओल्या गवतात पालथा पाडून बेड्या घातल्या, त्यात खांदा निखळला. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ म्हणाले, नोंद जरा स्पष्ट कर. मी 'सुरी' हा शब्द घातला. सगळंच काही खोटं नव्हतं ना, सुऱ्या होत्याच घरात. मुलगी लहान होती, नवऱ्याची नोकरी गेलेली होती, आणि तिथे मला कोण विचारत होतं? तुला वाटेल मी स्वतःचा बचाव करतेय. करतेय.

आठवड्याने त्या आईने पुन्हा फोन केला. मी तसं म्हटलं होतं का, तिने विचारलं. मी म्हणाले, नोंदीत तसं आहे, बाई.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये कॅनिग्लिया खटल्यात नऊ विरुद्ध शून्याने सांगितलं की निव्वळ समाजाची देखभाल एवढ्या सबबीवर पोलिसांना वॉरंटशिवाय घरात शिरता येत नाही. तिथेही सुरुवात एका बायकोच्या वेल्फेअर चेकच्या, म्हणजे 'नवरा ठीक आहे का ते जाऊन बघा' अशा फोननेच झाली होती. जिवाला खरा धोका असेल तर गोष्ट वेगळी. आणि तो धोका कागदावर कुठून येतो? तुझ्या नोंदीतून. सार्जंटला ते वाक्य कशासाठी हवंय, हे तुला अजून कळलं नसेल तर कमाल आहे.

पोलिसांऐवजी दुसरं कुणीतरी जायला हवं, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. ओरेगनमधल्या युजीन शहरात 1989 पासून वैद्यकीय मदतनीस आणि संकटकाळी बोलणारा माणूस अशी जोडी गाडी घेऊन जायची. ती सेवाही तिथे 2025 मध्ये बंद पडली. व्यवस्था बदलेपर्यंत तू त्या खुर्चीत आहेस आणि शुक्रवारी सार्जंट येणार आहे.

नोंदीतल्या प्रत्येक बदलावर वेळ आणि करणाऱ्याची ओळख चिकटते, हे विसरू नकोस. ते वाक्य तुझ्या नावावर राहील, त्याच्या नाही. टेप ठरावीक मुदतीनंतर पुसली जाते. ती जपून ठेवा, असं आजच लेखी कळव. त्याने काय, कधी, कुणासमोर सांगितलं, ते वहीत उतरव. मग टेप ऐक आणि बहिणीचे शब्द तिच्याच क्रमाने लिहून काढ. ती 'अपसेट' म्हणाली असेल तर 'अपसेट'. 'व्हायोलंट' नाही.

ती पुन्हा फोन करेल, करतातच. दुसऱ्या कुणाकडे ढकलू नकोस, तूच घे. मी तसं म्हटलं होतं का, असं विचारलं तर तो कागद तिला वाचून दाखव.