४-एचएनईचा ब्लॉट कोरा येत असेल तर आधी इम्युनोजेन विचारा

तुम्ही विचारलंत: वेस्टर्न ब्लॉटवर पॉन्सोत (सगळी प्रथिनं रंगवणाऱ्या डायमध्ये) लेन भरलेल्या, ॲक्टिनचा (लोडिंग तपासायच्या प्रथिनाचा) बँड ठसठशीत, आणि यकृतात ऑक्सिडेशन घडवणारं कार्बन टेट्राक्लोराइड दिलेल्या उंदराच्या यकृतातही ४-एचएनईचं (चरबीच्या ऑक्सिडेशनमधून बनणाऱ्या ॲल्डिहाइडचं) मेंब्रेन कोरं! तुमचं दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. ट्रान्सफर-ब्लॉकिंगबद्दल लिहीत नाही, ते ठीकच दिसतंय.

सॅम्पलवर खापर फोडण्याआधी अँटिबॉडीची डेटाशीट काढा आणि इम्युनोजेन, म्हणजे ती बनवताना प्राण्याला टोचलेला पदार्थ, कोणता ते बघा. एचएनई प्रथिनातल्या सिस्टीन, हिस्टिडीन, लायसीनला चिकटतो. काही पॉलिक्लोनल अँटिबॉडी बनवताना हा चिकटून झालेला जोड, म्हणजे ॲडक्ट, बोरोहायड्राइडने रिड्यूस करून मग सशाला टोचतात. अशा अँटिबॉडीला तुमच्या मेंब्रेनवरचा रिड्यूस न केलेला ॲडक्ट दिसत नाही, दिसला तर पुसट. डेटाशीटवर मात्र नुसतं 'एचएनई-केएलएच' (केएलएच म्हणजे वाहक प्रथिन), रिड्यूस केलं की नाही ते नाही. एका पुरवठादाराच्या तांत्रिक विभागाला हे किती वेळा विचारलं, तर उत्तर ठरलेलं: अँटिबॉडी वाढवा, १:१००० चं १:२०० करा. कुपी संपली, बॅकग्राउंड काळं झालं, इम्युनोजेनबद्दल अवाक्षर नाही. माहीत नसेल तर तसं सांगा ना बाबांनो!

आता करायचं ते: मेंब्रेनवरचा ॲडक्टही रिड्यूस करायचा, म्हणजे अशा अँटिबॉडीला तो दिसेल. ट्रान्सफरनंतर, ब्लॉकिंगच्या आधी, मेंब्रेन २५० मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइडमध्ये १५ मिनिटं ठेवा. बफर १०० मिलिमोलर मॉप्स, पीएच ८. द्रावण त्याच क्षणी बनवा. हायड्रोजन सुटतो, म्हणून फ्यूम हूडमध्ये, झाकण न लावता. बुडबुड्यांनी मेंब्रेन वर तरंगतं आणि मध्येच कोरडे डाग पडतात. चिमट्याने दाबत राहा. मग पाण्याने भरपूर धुवा. त्याच ब्लॉटची एक पट्टी बोरोहायड्राइड न लावता ठेवा, म्हणजे फरक समोरच दिसेल. अर्थात, तुमची अँटिबॉडी रिड्यूस न केलेल्या ॲडक्टविरुद्धची असेल तर याच पायरीने सिग्नल जाऊही शकतो.

पॉझिटिव्ह कंट्रोल घरचाच करा: बीएसए (गाईचं सीरम अल्ब्युमिन) १ मिग्रॅ/मिली, एचएनई १ मिलिमोलर, फॉस्फेट बफर, ३७ अंशांवर २ तास, नंतर डायलिसिस. ट्रिस वापरू नका, त्याचा अमाइन ॲल्डिहाइड खाऊन टाकतो. शेजारच्या लेनमध्ये साधा बीएसए हवाच. हाच एचएनई-बीएसए अँटिबॉडीत मिसळून रात्रभर ४ अंशांवर ठेवला की सिग्नल मावळायला हवा. मावळला नाही तर त्या बँडवर माझा तरी विश्वास बसणार नाही.

सिग्नल आला की तो लेनभर पसरलेला, अनेक बँडचा असेल. घाबरू नका, अनेक प्रथिनांवर ॲडक्ट असतात. उलट ५० आणि २५ केडीएला (किलोडाल्टनला) दोनच स्वच्छ बँड दिसले तर संशय घ्या. उंदराच्या टिश्यूवर उंदराचीच मोनोक्लोनल वापरली की सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला धरणारी दुसरी) टिश्यूतल्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही, धरते, आणि तिच्या जड-हलक्या साखळ्या याच दोन जागी दिसतात.

जाता जाता: होमोजिनायझेशन बफरमध्ये बीएचटी (अँटिऑक्सिडंट) आणि ईडीटीए (धातूचे आयन पकडणारा) पहिल्यापासून घाला. नंतर घातलं तर मधल्या वेळेत नळीतच झालेलं ऑक्सिडेशन तुम्ही प्राण्याच्या नावावर मोजाल.